खरी माणसं, ॲनिमेटेड प्राणी: सुट्टीतला कौटुंबिक चित्रपट बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा लहान टीमकडून येतात. कथा तयार असते. एक कुटुंब सुट्टीला निघालंय आणि एक बोलणारा कोल्हा, खार किंवा ससा सुट्टीभर त्यांच्या मागे लागलाय. माणसं खरी, प्राणी ॲनिमेटेड. अवघड काम संगणकावरचं, असं सगळ्यांना वाटतं. पण असा शॉट बिघडतो तो सहसा शूटिंगच्या दिवशी, संगणकावर फक्त ते उघडकीला येतं. म्हणून खाली सेटवरच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्राणी टू-डी ठेवावा की थ्री-डी?

दोन्ही चालतात, पण खर्च वेगवेगळ्या वेळी अंगावर येतो. थ्री-डी प्राण्याचं मॉडेल, रिग (ज्याने तो हलवायचा तो आतला सांगाडा) आणि फर तयार होईपर्यंत एकही शॉट हातात पडत नाही. एकदा तो उभा राहिला की पुढचा प्रत्येक शॉट तुलनेने स्वस्त पडतो. टू-डीमध्ये पहिला शॉट लवकर दिसतो, मात्र शंभरावा शॉटही पहिल्याइतकीच मेहनत मागतो.

कॅमेरा किती हलणार हे आधी ठरवा. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि प्राण्याचे शॉट मोजके, तर टू-डी. हातातला कॅमेरा, गोल फिरणारे शॉट, पळापळ असेल तर थ्री-डी. हलत्या कॅमेऱ्यासमोर हाताने काढलेलं पात्र ठेवायचं तर दर फ्रेमला त्याचा कोन बदलून काढावा लागतो, आणि त्यासाठी चांगला चित्रकार लागतो.

खरा प्राणी घेऊन फक्त तोंड संगणकाने हलवलं तर सोपं नाही का जाणार?

ही पद्धत जुनी आणि सिद्ध आहे. १९९५ च्या ‘बेब’ या चित्रपटात खरे प्राणी, यांत्रिक प्राणी आणि संगणकाने हलवलेली तोंडं असं मिश्रण होतं, आणि त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. शरीराची हालचाल, वजन, प्रकाश, फर हे सगळं आयतं मिळतं हा मोठा फायदा.

अडचण अशी की खरा प्राणी संवादाच्या लांबीइतका वेळ डोकं स्थिर ठेवत नाही. डोकं वळलं की जबड्याचं ट्रॅकिंग, म्हणजे फ्रेमगणिक त्याचा माग ठेवणं, सुटतं. तोंड उघडल्यावर आतली जीभ, दात, टाळू हे मुळात कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं, ते वेगळं बनवावं लागतं. शिवाय प्रशिक्षक, पशुवैद्य, विश्रांतीच्या वेळा आणि परवानग्या आल्या. दोन-तीन वाक्यांपुरता बोलणारा प्राणी असेल तर ही वाट घ्या. तो चित्रपटभर बडबडणार असेल तर घेऊ नका.

कोणता प्राणी निवडला तर काम आवाक्यात राहील?

आखूड फरीचा, जाड मानेचा आणि फार लहान नसलेला. पिसं फरीपेक्षा अवघड, कारण प्रत्येक पीस पंख मिटताना दुसऱ्याखाली सरकतं. ओला प्राणी कोरड्यापेक्षा अवघड. अंगरखा किंवा स्वेटर घातला तर कापडाचं काम वाढतं, पण खांदा आणि पोट झाकलं जातं. रिगमधले सगळ्यात त्रासदायक भाग तिथेच असतात, त्यामुळे हा सौदा बऱ्याचदा परवडतो.

उंचीचा विचार मात्र कथा लिहितानाच करा. २५ सेंटिमीटरची खार आणि १७० सेंटिमीटरचा माणूस एका फ्रेममध्ये घेतले तर एकाचा चेहरा दिसतो आणि दुसऱ्याचा ठिपका. म्हणूनच अशा कथांमध्ये नायक लहान मूल असतं आणि प्राणी सारखा टेबलावर, फांदीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर नाहीतर कुणाच्या खांद्यावर चढून बसलेला असतो. तो लाडात आलेला नसतो, त्याला फ्रेममध्ये बसवलेलं असतं.

पटकथेवरून खर्चाचा अंदाज कसा काढायचा?

शॉट मोजा, पानं नव्हे. प्राणी असलेला प्रत्येक शॉट तीन गटांत टाका. ‘अ’ म्हणजे फ्रेममध्ये प्राणी एकटा, किंवा माणसापासून लांब. ‘ब’ म्हणजे माणूस आणि प्राणी जवळ, एकमेकांच्या आडून जाणारे, पण स्पर्श नाही. ‘क’ म्हणजे स्पर्श: उचलणं, कुरवाळणं, मिठी, अंगावर उडी. एक ‘क’ शॉट कित्येक ‘अ’ शॉटांचा वेळ खातो.

मग पटकथेवर परत बसा आणि ‘क’ शॉट निम्मे करता येतात का पाहा. मूल सशाला उचलतं, हे दाखवायला उचलण्याची क्रिया दिसलीच पाहिजे असं नाही. मूल खाली वाकलं, कट, ससा मांडीवर. जे दोन-तीन ‘क’ शॉट भावनेसाठी खरंच हवेत, ते ठेवा आणि त्यांच्यावर पैसा ओता.

कलाकार प्राण्याकडे बघतोय असं वाटतच नाही. काय चुकतं?

नजर. बाकी सगळं बेमालूम जमलं आणि नजर चुकली, तर शॉट गेला. हे नंतर दुरुस्तही होत नाही, कारण प्राणी हलवून नजरेच्या टोकाशी नेला तर तो जमिनीच्या वर तरंगतो किंवा चुकीच्या आकाराचा दिसतो.

बिंदू नेमका हवा. ‘तिकडे कुठेतरी बघ’ असं सांगितलं की कलाकार मागच्या भिंतीकडे बघतो. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात, भिंतीकडे बघताना वळत नाहीत. क्लोजअपमध्ये हा फरक स्पष्ट कळतो. म्हणून काठीवर चेंडू लावून तो प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, खऱ्या अंतरावर धरा. काठीवर प्राण्याच्या उंचीच्या खुणा रंगवून ठेवा: चार पायांवर उभा, मागच्या दोन पायांवर उभा, बसलेला.

समोर दोन कलाकार असतील तर दोघांना एकच बिंदू हवा, आणि तो हलणार असेल तर एकाच वेळी हलला पाहिजे. त्यासाठी कोणीतरी काठी चालवते आणि तीच व्यक्ती प्राण्याचे संवादही म्हणते. आवाज बिंदूच्या दिशेने आला की मान आपोआप बरोबर वळते. प्राणी पटकन पळत असेल तर जमिनीवर क्रमांक लिहिलेले ठिपके लावा आणि आकडे पुकारा. लेझरचा ठिपका भिंतीवर किंवा फरशीवर छान काम करतो, पण लहान मुलं सेटवर असताना तो वापरू नये.

काठी टेकमध्येच ठेवायची की काढायची? सराव आणि पहिला टेक काठीसह, नंतरचे टेक तिच्याशिवाय. काठी पुसण्याचं काम वाचतं, आणि कलाकाराच्या मानेला तोवर जागा पाठ झालेली असते.

प्रत्येक सेटअपला, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रत्येक मांडणीला, नेमकं काय काय शूट करून ठेवायचं?

क्रम असा ठेवा. आधी प्राण्याची कापडी प्रतिकृती खऱ्या मापात, खऱ्या जागी, तीच हालचाल करत. हा टेक चित्रपटात येत नाही, पण फ्रेमिंग, फोकस, सावली आणि नजर यांचा दाखला हाच. मग मुख्य टेक. मग क्लीन प्लेट, म्हणजे कलाकारांशिवाय रिकामी जागा, कॅमेरा तसाच चालवून. शेवटी प्राण्याच्या जागी दोन गोळे: एक चकचकीत आरशासारखा, एक मॅट राखाडी, १८ टक्के परावर्तनाचा. आरशाच्या गोळ्यात दिवे कुठे आहेत ते दिसतं, राखाडी गोळ्यावर प्रकाशाची बाजू आणि सावलीची बाजू यांतला फरक दिसतो.

त्याच जागेवरून ३६० अंशांचे फोटोही घ्या, प्रत्येक दिशेला ५ ते ७ एक्स्पोजर, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यातून जी एचडीआर (उजेड-अंधाराचा पूर्ण पल्ला असलेली) प्रतिमा बनते ती थ्री-डी प्राण्यावर त्या खोलीचाच प्रकाश टाकते. फोटो कॅमेऱ्याच्या जागेवरून नव्हे, प्राण्याच्या जागेवरून आणि प्राण्याच्या उंचीवरून. ही चूक फार वेळा होते. जमिनीलगतचा प्रकाश डोक्याच्या उंचीवरच्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो, आणि लाल गालिच्याचा रंग सशाच्या पोटावर येतो, माणसाच्या गालावर नाही.

एवढं सगळं करायला सेटअपमागे दहा मिनिटं लागतात. दिवसाच्या शेवटी घाईत हीच दहा मिनिटं कापली जातात, म्हणून वेळापत्रकात ती वेगळी लिहून ठेवा.

कॅमेऱ्याच्या कोणत्या नोंदी लागतात?

लेन्सची फोकल लांबी, सेन्सरचं माप, जमिनीपासून लेन्सची उंची, कॅमेऱ्याचा कल, फोकसचं अंतर, ॲपर्चर, शटर, फ्रेमरेट आणि प्राण्याच्या जागेपर्यंतचं अंतर. सेटवरच्या दोन-तीन ठळक वस्तूंची मापंही टेपने घ्या: टेबलाची उंची, दाराची रुंदी. संगणकात जागा खऱ्या मापात उभी करायला तीच कामी येतात.

फोनवर शूट करत असाल तर चार गोष्टी बंद करा: स्थिरीकरण, आपोआप फोकस, आपोआप एक्स्पोजर आणि बदलता फ्रेमरेट. स्थिरीकरणात प्रतिमा कापून सरकवली जाते आणि लेन्सचं केंद्र दर फ्रेमला बदलतं, मग कॅमेऱ्याच्या हालचालीचा माग काढणारं ट्रॅकिंगचं गणित बसत नाही. फ्रेमरेट २४ किंवा २५ यांपैकी एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. चित्रपट मध्येच २४ वरून २५ वर नेला तर ॲनिमेशन आणि ओठ दोन्ही घसरतात.

प्रत्येक लेन्सने चौकड्यांचा एक तक्ता पूर्ण फ्रेम भरेल असा टिपून ठेवा. रुंद लेन्स सरळ रेषा वाकवते. ती वाकडी रेषा आधी सरळ करून ट्रॅकिंग करायचं, प्राणी बसवायचा आणि शेवटी त्याच मापाने पुन्हा वाकवायचं.

ग्रीन स्क्रीन लागतो ना?

बहुतेक शॉटना नाही. प्राणी तुम्ही चित्रावर ठेवताय, माणसाला कापून दुसरीकडे नेत नाही. हिरवा कापडी तुकडा फक्त तिथे, जिथे माणसाचे केस, बोटं किंवा बारीक फांद्या प्राण्याच्या पुढे येतात. तिथेही हाताने रोटोस्कोपिंग करणं, म्हणजे फ्रेमगणिक कड आखून कापणं, अनेकदा बरं, कारण हिरव्या कापडाचा रंग हातावर आणि कपड्यांवर सांडतो.

कॅमेरा ट्रॅकिंग सारखं फसतं. का?

बहुतेक वेळा पुढीलपैकी एक कारण असतं. फ्रेममध्ये स्थिर ठिपके पुरेसे नाहीत. ब्लेंडर या सॉफ्टवेअरला हिशोबासाठी निवडलेल्या दोन्ही फ्रेमवर (कीफ्रेमवर) किमान ८ समान ठिपके लागतात, प्रत्यक्षात २० ते ३० ठेवा आणि ते जवळ, मध्ये, लांब असे पसरलेले असू द्या. सगळे ठिपके एकाच भिंतीवर असले तर जागा किती खोल आहे ते कळत नाही. कॅमेरा जागेवरूनच फक्त वळला असेल तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांच्या तुलनेत सरकत नाहीत, अशा शॉटला सॉफ्टवेअरमधली ट्रायपॉडची पद्धत निवडा. हलणारी पानं, पाणी, माणसं यांवर ठेवलेले ठिपके काढून टाका. झटकन फिरवलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे उभ्या रेषा तिरक्या होतात, त्याला उपाय एकच: सावकाश फिरवा.

ट्रॅकिंगची सरासरी चूक ०.५ पिक्सेलच्या खाली आली तर छान. १ च्या वर असेल तर पुढे जाऊ नका. पण आकड्यावर आंधळा विश्वासही नको. जमिनीवर एक साधा ठोकळा ठेवा आणि शॉट चालवून पाहा. ठोकळा चिकटून बसला तर ट्रॅक चांगला.

मूल प्राण्याला उचलून घेतं, कुरवाळतं. हे कसं करायचं?

हाताला वजन द्या. रिकाम्या हातांनी वजन उचलल्याचा अभिनय मोठ्या कलाकारांनाही जमत नाही: कोपर ताठ राहतो, पाठ मागे झुकत नाही, पकड हलताना दोन हातांमधलं अंतर बदलतं. सशाच्या मापाचं, २ ते ३ किलो वाळू भरलेलं मऊ खेळणं द्या, आणि वजन मागच्या भागात जास्त ठेवा. रंग राखाडी. हिरवं खेळणं काढायला सोपं वाटतं, पण हनुवटीखाली हिरवा प्रकाश टाकतं. खेळणं प्राण्यापेक्षा थोडं बारीकच असू द्या, म्हणजे ॲनिमेटेड शरीर त्याला पूर्ण झाकेल आणि पुसायला काही उरणार नाही.

कुरवाळताना बोटं फरीत बुडली पाहिजेत. त्यासाठी शॉटमधल्या खऱ्या हाताची थ्री-डी नक्कल फ्रेमगणिक हलवून बसवतात, त्या अदृश्य हाताने फर दाबली जाते आणि खरा हात वरून रोटोस्कोप करून ठेवला जातो. बोटांच्या कडेला थोडी फर हातावर आलेली दाखवली की डोळा फसतो. एवढा व्याप झेपणार नसेल तर कॅमेरा प्राण्याच्या पलीकडे न्या: हात प्राण्याच्या मागे जातो, फक्त खांद्याची हालचाल दिसते आणि प्राणी डोळे मिटून मान कलती करतो. तेवढ्यावर प्रेक्षक हात स्वतःच भरून घेतो.

प्राण्याने वस्तूंना धक्का दिला पाहिजे. ते नंतर करता येतं का?

येतं, पण सेटवर करा. उशीवर उडी असेल तर उशी खालून दोऱ्याने ओढा. पडदा हलायचा असेल तर मासे पकडण्याची पारदर्शक दोरी. गवतातून पळताना गवत हलायला एक माणूस खाली झोपून काठी फिरवतो, नाहीतर हवेचा झोत. फ्रेमच्या बाहेरून ढकललेली एक खरी वाटी दहा शॉटच्या फरीपेक्षा जास्त पटते. फक्त वेळेची नोंद ठेवा: वाटी कितव्या फ्रेमला हलली, तिथेच प्राण्याचा पंजा पोचला पाहिजे.

वाळू, बर्फ आणि पाण्यात सुट्टीची दृश्यं आहेत. काय काळजी घ्यायची?

पाय लपवा. मऊ जमिनीत पाय बुडतो, कण उडतात आणि ठसा उरतो, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बनवाव्या लागतात. रुंद शॉटमध्ये पुढे एखादा उंचवटा, टोपली किंवा झुडूप ठेवा. ठसे हवेच असतील तर लाकडी पंजाच्या शिक्क्याने आधीच उमटवा आणि प्राणी त्यांवरून चालवा. नव्या ठशांसाठी ठशांशिवायची क्लीन प्लेट घेऊन ठेवा, म्हणजे पाऊल पडेल तसा एकेक ठसा उघडता येतो. पाण्यात पोहणारा प्राणी पहिल्या चित्रपटात टाळलेला बरा.

रात्री रोषणाईच्या माळा लावल्या की चित्र लुकलुकतं.

एलईडी माळा डोळ्याला स्थिर दिसतात, पण विजेच्या वारंवारतेनुसार उघडझाप करतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. २४ फ्रेमला १/५० म्हणजे १७२.८ अंशांचं शटर (एका फ्रेमचा पूर्ण वेळ म्हणजे ३६० अंश), आणि त्यातून हालचालीचा धूसरपणाही नेहमीसारखाच येतो. काही माळांचा स्वतःचा वेगळा ताल असतो, त्यांना हा हिशोब लागू पडत नाही. त्या आधी कॅमेऱ्यासमोर तपासून घ्या.

रोषणाईचा एक फायदाही आहे. प्राण्याच्या डोळ्यांत त्याच माळेचे ठिपके उमटले की तो खोलीत आहे याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

चार पायांची चाल खोटी का वाटते?

क्रम चुकलेला असतो. कुत्रा, मांजर, कोल्हा सावकाश चालताना डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असे पाय टाकतात. दुडक्या चालीत तिरप्या रेषेतले पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, जोडीने पडतात. ससा उड्या मारतो तेव्हा मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन टेकतात.

दुसरं कारण खांदा. या प्राण्यांचं खांद्याचं पातं छातीला हाडाच्या सांध्याने जोडलेलं नसतं, ते स्नायूंनी धरलेलं असतं आणि प्रत्येक पावलाला कातडीखाली वरखाली सरकतं. माणसासारखा खिळलेला खांदा दिला की चाल लाकडी होते. मागच्या पायातला जो सांधा उलटा गुडघा वाटतो, तो खरं तर टाचेचा, हेही रिग बनवणाऱ्याने लक्षात ठेवावं. कुत्र्यात शरीराचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून थांबताना पुढचा भाग दबतो, मागचा नाही.

बोलताना तोंड रबरासारखं दिसतं.

अक्षरं कमी करा. लांबट थोबाडाला माणसाचे सगळे उच्चार झेपत नाहीत. ‘प’, ‘ब’, ‘भ’, ‘म’ यांना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि किमान २ फ्रेम मिटलेले राहिले पाहिजेत. ‘आ’ला जबडा उघडा, ‘ओ’ला ओठ थोडे पुढे. बाकी सगळं जबड्याच्या वरखाली होण्यावर आणि मानेच्या हालचालीवर सोडा. तोंडाचा आकार आवाजाच्या १-२ फ्रेम आधी आला तर बरोबर वाटतो, नंतर आला तर डबिंग वाटतं.

आवाज ॲनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित करा, आणि तसं करताना कलाकाराच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घ्या. भुवया आणि श्वास तिथूनच मिळतात.

आवाज चिमुकला आणि उंच हवा असेल तर?

जुनी युक्ती अशी: निम्म्या वेगाने चालणाऱ्या टेपवर बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं. आवाज एक सप्तक वर जातो. त्यासाठी कलाकाराने निम्म्या गतीने, पण शब्द स्पष्ट तोडून बोलावं लागतं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये गती न बदलता स्वर चढवता येतो. अर्ध्या सप्तकाच्या पुढे गेलात तर व्यंजनं पिचकतात आणि तासाभराने कान विटतात. मुख्य पात्राला हे करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याहून जास्त फरक पडतो तो खोलीच्या प्रतिध्वनीने. स्टुडिओतला कोरडा आवाज मोठ्या दिवाणखान्यात उभ्या प्राण्याच्या तोंडी शोभत नाही. प्रत्येक जागी टाळी वाजवून तिचा नाद आणि ३० सेकंदांची शांतता टिपून ठेवा.

डोळे कसे असावेत?

ओलसर, त्यात जागेचा खरा प्रकाश दिसणारे, आणि कधीच पूर्ण स्थिर नसणारे. पांढरा भाग जास्त दाखवला की प्राणी माणसासारखा वाटतो आणि नजर स्पष्ट कळते. फार दाखवला तर घाबरलेला दिसतो. मान वळताना पापणी मिटा.

सगळं केलं, तरी प्राणी वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

ज्या क्रमाने तपासायचं तो क्रम असा.

आधी चित्र काळं-पांढरं करा. प्राण्यातला सगळ्यात गडद काळा आणि चित्रातला सगळ्यात गडद काळा जुळतात का? प्राणी लांब असेल तर हवेमुळे त्याचा काळा थोडा राखाडी झाला पाहिजे. याच एका कारणाने अर्धे शॉट पडलेले असतात.

मग पाय. जमिनीला टेकलेल्या जागी अगदी बारीक, गडद सावली हवी, आणि तिच्याबाहेर पसरत जाणारी फिकट सावली. मोठी सावली आहे पण बारीक नाही, तर प्राणी अधांतरी वाटतो. सावलीची कड खोलीतल्या इतर सावल्यांइतकीच मऊ आणि तिचा रंग त्यांच्यासारखा. शुद्ध काळी सावली घराबाहेर कधीच नसते, आकाशाचा निळा तिच्यात असतो.

मग कडा. प्राण्याभोवती काळी किंवा पांढरी बारीक रेघ दिसत असेल तर रंगाचा पारदर्शकतेशी गुणाकार दोनदा झाला आहे किंवा मुळीच झालेला नाही. थर जोडणारे नोड (सॉफ्टवेअरमधल्या पायऱ्या) तपासा, रेघ हाताने पुसत बसू नका. कड चित्रातल्या इतर कडांपेक्षा धारदार असेल तर एखाद्या पिक्सेलने मऊ करा.

मग धूसरपणा. १८० अंशांच्या शटरला २४ फ्रेममध्ये १/४८ सेकंदाची हालचाल टिपली जाते, प्राण्याच्या रेंडरलाही (संगणकाने काढलेल्या अंतिम चित्राला) तेच माप द्या. फोकसबाहेरचा प्राणी फोकसबाहेरच्या भिंतीइतकाच धूसर.

शेवटी ग्रेन, म्हणजे चित्रातली बारीक खरखर. रेंडर स्वच्छ असतं, कॅमेऱ्याचं चित्र खरखरीत. त्याच कॅमेऱ्याचा, त्याच आयएसओचा (प्रकाशसंवेदनशीलतेचा) ग्रेन वर टाका. रेंडर १६-बिट ईएक्सआर फाइलमध्ये काढलं असेल तर या सगळ्या दुरुस्त्यांना जागा उरते. आठ-बिट पीएनजी फाइलवर त्या करायला गेलात तर रंगांचे पट्टे दिसू लागतात.

पाय जमिनीवरून घसरतात.

थ्री-डीत बहुधा ट्रॅक कच्चा असतो किंवा जमिनीची पातळी चुकलेली असते. टू-डीत कारण वेगळं: चित्र दर दोन फ्रेमला बदलतंय आणि कॅमेरा दर फ्रेमला. हलत्या कॅमेऱ्याच्या शॉटला सेकंदाला २४ चित्रं काढा, १२ वर भागवू नका.

बालकलाकारांसोबत किती वेळ मिळतो?

नियम ठिकाणानुसार बदलतात, ते आधी बघा. त्यांच्या पलीकडे: काठीकडे बघत अभिनय करण्याची मुलांची ताकद लवकर संपते. प्राण्यासोबतचे क्लोजअप सकाळी, मुलाशिवायच्या प्लेट आणि गोळ्यांचे फोटो मूल घरी गेल्यावर. कापडी प्रतिकृती शूटच्या काही दिवस आधी मुलाकडे खेळायला द्या, एक जास्तीची बनवून ठेवून.

रेंडरला किती वेळ लागेल?

गुणाकार करा. ५ सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम. फ्रेमला १० मिनिटं धरली तर १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास, एका मशीनवर. असे ६० शॉट असतील तर न थांबता ५० दिवस. शिवाय प्रत्येक शॉट किमान दोनदा रेंडर होतो. फर सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून लांबच्या शॉटसाठी कमी केसांची आणि जरा जाड केसांची वेगळी आवृत्ती ठेवा.

संगणक नव्हते तेव्हा हे कसं करत?

कष्टाने. १९१४ मध्ये व्यंगचित्रकार विन्सर मॅके रंगमंचावर उभे राहून पडद्यावरच्या गर्टी नावाच्या डायनासोरला हुकूम सोडत, आणि ती ऐके. ॲनिमेटर मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोपला १९१७ मध्ये पेटंट मिळालं, चालत्या चित्रावरून फ्रेमगणिक रेखाटण्याची ती युक्ती आजही नावासकट टिकून आहे. १९४५ मध्ये नट-नर्तक जीन केली ‘टॉम अँड जेरी’तल्या जेरी उंदराबरोबर पडद्यावर नाचले. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’साठी कलाकारांमागच्या पडद्यावर सोडियमचा पिवळा प्रकाश टाकून, प्रिझमने तो वेगळा करून दुसऱ्या फिल्मवर टिपला गेला, त्यामुळे टोपीच्या जाळीसारख्या वस्तूही स्वच्छ कापता आल्या. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये हाताने काढलेल्या पात्रांवर सावलीचे आणि उजेडाचे वेगळे थर ऑप्टिकल प्रिंटरने चढवले होते. सेटवर मात्र तेव्हाही दोरे, काठ्या आणि खरोखर हलणाऱ्या वस्तूच होत्या.

कोणतं सॉफ्टवेअर?

ब्लेंडर मोफत आहे आणि ट्रॅकिंग, रिग, फर, रेंडर, कंपोझिटिंग (सगळे थर एका चित्रात जोडणं) या सगळ्याला पुरतो. टू-डीसाठी ओपनटून्झ मोफत, टून बूम हार्मनी विकत. मोठ्या टीम कंपोझिटिंगला नूक वापरतात. टीममधल्या कुणाला जे येतं, ते निवडा.

एडिट कधी लॉक करायचा, म्हणजे पुढे बदलायचा नाही असं कधी ठरवायचं?

ॲनिमेशनला हात लावायच्या आधी. अनुभवी ॲनिमेटरकडूनही चांगल्या प्रतीचं काम आठवड्याला काही सेकंदच निघतं, त्यामुळे नंतर कापलेला प्रत्येक सेकंद कुणाचे तरी दिवस घेऊन जातो. आधी प्राण्याच्या जागी कापडी प्रतिकृतीचा टेक किंवा साधं स्थिर चित्र सरकवून पूर्ण चित्रपट जोडा आणि दोन-चार मुलांना दाखवा. मुलं कंटाळली ती जागा तिथेच कापा. लॉक झाल्यावर प्रत्येक शॉट ॲनिमेटरकडे देताना दोन्ही टोकांना ८ ते १२ जादा फ्रेम जोडून द्या. शॉटचं नाव, फ्रेमचा पहिला क्रमांक आणि फ्रेमरेट फाइलवरच लिहा. पहिली फ्रेम १००१ पासून मोजली तर पुढे शॉट सुरुवातीला वाढवावा लागला तरी उणे आकडे येत नाहीत.